पडवीतली खुर्ची : स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरच्या रिफ्लक्सचं एक प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी दीडच्या सुमाराला, ओपीडी आवरत आलेली असताना एक बाई खोकल्याचं जुनं औषध परत लिहून घ्यायला आल्या. जुनं म्हणजे माझंच. वर्षभरापूर्वी रात्रीचा खोकला आणि छातीतली घरघर ऐकून मी दम्याचा पंप आणि जोडीला थिओफायलिनची गोळी लिहून दिली होती. ‘थोडा बरा वाटता,’ एवढंच त्यांचं त्यावरचं मत.

मी सहज विचारलं, झोप कशी आहे? त्यांनी यजमानांकडे पाहिलं. यजमान म्हणाले, ‘झोपता खय? आठ म्हयने झाले, पडवीत खुर्येर बसान रात काढता.’

खुर्ची प्लॅस्टिकची, पर्यटकांसाठी घेतलेल्या बारांपैकी एक. तिला उशी बांधलेली, समोर पाय ठेवायला पाट. आडवं झालं की घशात आंबट पाणी येतं, कधी रात्रीच्या जेवणाची चव परत तोंडात येते, ठसका लागतो आणि जीव घाबरा होतो. ‘माका आडवा पडाक भय वाटता,’ त्या म्हणाल्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांच्या मते सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पित्त काय, ता सगळ्यांकच होता.

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते यासाठी की कागदावर या बाई वजन उतरवण्याच्या यशस्वी शस्त्रक्रियेचा नमुना आहेत. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणतो; इथेही तेच ठेवतो.

कागदावरचं यश

वहिनींचं वय ४६. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत त्यांची घरगुती खानावळ आणि चार खोल्यांचं निवासाचं काम आहे. तीन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका रुग्णालयात त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढला. तेव्हा वजन ११२ किलो, उंची १५४ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४७ च्या वर. सोबत मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी. आपल्याकडे बरीच वर्षं जो निकष वापरला गेला तो असा की बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून मधुमेहासारखा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. त्या हिशोबाने त्यांच्याबाबतीत प्रश्नच नव्हता. शस्त्रक्रियेचा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही.

दीड वर्षात वजन ७१ वर आलं. माझ्याकडे आल्या तेव्हा ७४. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) ८.४ वरून ५.९, मधुमेहाच्या गोळ्या बंद, रक्तदाबाची एकच उरलेली. एसटीत दोन माणसांच्या बाकावर त्या आता एका माणसाच्या जागेत बसतात. चतुर्थीला तर पंधरा वर्षांनी फुगडी घातली. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला आणि पुढच्याच वाक्याला उतरला. दुसऱ्या फेरीला वाकल्या-फिरल्याबरोबर घशात आंबट आलं आणि त्या तोंडाला पदर लावून मागच्या दाराला गेल्या. बायकांना वाटलं, चक्कर आली. त्यानंतर आरतीला जातात, फुगडीला नाही.

मुंबईहून फोन येत असे, सुरुवातीला महिन्याला, मग सहा महिन्यांनी. वजन किती? चौऱ्याहत्तर. छान. विटामिन घेता ना? हो. फोन संपला. फोन करणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही, तिच्यासमोरच्या तक्त्यात तेवढेच रकाने असणार. पण माझ्या डोक्यातला तक्ता तरी काय वेगळा होता? तीन वर्षांपूर्वी पोटाचा आकार बदललेली बाई रात्रीच्या खोकल्याची तक्रार घेऊन येते आणि मी तिची फुप्फुसं ऐकतो. थिओफायलिन तर अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला आणखी सैल करतं. वर्षभर मी आगीत तेल ओतत होतो.

नळीचं पोट

स्लीव्हमध्ये जठराचा डावीकडचा फुगीर भाग, साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के, स्टेपलरने कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. आतडी जिथल्या तिथे राहतात, काही जोडाजोड नाही. आज जगभर आणि आपल्याकडेही वजनाची सर्वांत जास्त केली जाणारी शस्त्रक्रिया हीच आहे, ती या सुटसुटीतपणामुळे.

पण त्या फुगीर भागाला स्वतःचं एक काम होतं. जेवल्यावर तो फुग्यासारखा सैल होतो आणि दाब न वाढू देता अन्न सामावून घेतो. नळीला ते जमत नाही. खाली पायलोरसची, म्हणजे जठर आणि आतड्यामधली, झडप शाबूत, ती आपल्या वेळेनेच उघडणार. मध्ये अरुंद नळी, तिच्यात दाब वाढला की जायला वाट एकच, वरची. त्यात अन्ननलिका जठराला मिळते तिथला तिरका कोन आणि झडपेला आधार देणारे स्नायूंचे धागे हेही कापाकापीत दुबळे होतात. नळीला मध्येच पीळ पडला किंवा ती वाकणाच्या जागी चिंचोळी झाली तर आणखी पंचाईत. आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या भोकातून जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला असेल, म्हणजे हायटस हर्निया असेल, तर झडपेला पडद्याचा आधारच राहत नाही.

दुसऱ्या बाजूला, वजन उतरल्याने पोटातला दाब कमी होतो आणि काहींचा जुना त्रास स्लीव्हनंतर चक्क जातो. म्हणून सरसकट विधान करता येत नाही. तरी दीर्घकाळाचे आकडे एका दिशेला बोट दाखवतात. फिनलंडमधल्या ‘स्लीव्हपास’ या चाचणीत २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं स्लीव्ह आणि बायपास (जठराच्या वरच्या लहान भागाला थेट आतडं जोडण्याची शस्त्रक्रिया) या दोन गटांत वाटलं होतं. त्यांचा दहा वर्षांचा हिशोब २०२२ मध्ये आला. दुर्बिणीतून पाहता अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांत सापडला, बायपासवाल्यांत ७ टक्क्यांत. ज्याची जास्त धास्ती असते तो बॅरेट, म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तरातला कर्करोगाकडे झुकू शकणारा बदल, दोन्हीकडे ४ टक्के. स्वित्झर्लंडच्या ‘एसएम-बॉस’ चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ चे. आधीपासून रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल वर येण्याचा त्रास, असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्क्यांचा त्रास वाढला, बायपासनंतर सुमारे ६ टक्क्यांचा.

म्हणूनच शस्त्रक्रियेआधी ‘तुम्हाला रिफ्लक्स आहे का?’ हा प्रश्न कळीचा ठरतो. वहिनींची फाईल मी पूर्ण चाळली. इंग्रजी छापील फॉर्मवर त्या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण आणि खाली वहिनींची मराठी सही. त्याआधीच्या दुर्बीण तपासणीत मात्र ‘लहान हायटस हर्निया’ असं एका ओळीत लिहिलेलं. शस्त्रक्रियेच्या टिपणात त्या हर्नियाचं काय केलं, शिवला की नाही, याचा उल्लेख नाही.

मी वहिनींना विचारलं, तेव्हा त्रास नव्हता का? ‘रिफ्लक्स काय ता नाय होता. पित्त होता.’

पित्त, आमसूल आणि बाकी

पित्त या शब्दाच्या पोटात आपण काय काय कोंबलं आहे! डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, उपास घडला की पित्त, जागरण झालं की पित्त. त्यामुळे ‘पित्त होतं’ हे आमच्याकडे लक्षणच धरलं जात नाही, तो माणसाचा स्वभाव असतो. आणि पित्तावर आमसूल, हे कोकणात आईच्या दुधाबरोबर येतं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळतात, पोटात जळजळलं की कोकम सरबत, जेवण जड झालं की सोलकढी.

वहिनीही तेच करत होत्या. रात्री जळजळ वाढली की उठून पेलाभर आगळाचं पाणी. आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला रस, चांगलाच आंबट. आधीच सोललेल्या अन्ननलिकेवरून तो उतरणार, शंभर-दीडशे मिलीलीटरच्या नळीत पेलाभर पाणी मावणार नाही, आणि अर्ध्या तासात त्याच वाटेने परत येणार. निरोगी पोटाच्या माणसाने जेवताना वाटीभर सोलकढी घ्यावी, मीही घेतो. पण रात्री अकराला या पोटात नको. हे पटवायला मला जितका वेळ लागला तितका गोळ्या समजवायला लागला नाही. सासूबाईंनी तर, ‘डॉक्टर मूळचो खयचो?’ अशी चौकशी केल्याचं नंतर कळलं.

दुसरी गोष्ट मला चौथ्या भेटीत कळली आणि ती पहिल्याच भेटीत विचारायला हवी होती. तंबाखू खाता का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ‘छे’ असंच होतं. मशेरी लावता का, असं विचारल्यावर, ‘ती काय, दात घासूक.’ सकाळी, दुपारच्या जेवणावर आणि रात्री झोपायच्या आधी. आमच्या किती तरी बायकांना मशेरी ही तंबाखू वाटतच नाही, ती भाजलेली असते आणि डबीत असते म्हणून. पण निकोटीन ते निकोटीनच. ते झडपेचा ताण कमी करतं, आणि दिवसातून तीनदा हिरडीवाटे रक्तात जातं. तेव्हापासून मी ‘व्यसन आहे का’ असं विचारणं सोडलंय, थेट मशेरीची डबी विचारतो.

तिसरं म्हणजे त्यांचं काम. एका संध्याकाळी त्या बाजूला व्हिजिट होती म्हणून मी खानावळीत डोकावलो. वहिनी मागच्या अंगणात आदोळीवर (विळीवर) बसून बांगडे साफ करत होत्या. एक पाय दुमडून आदोळीच्या पाटावर, दुसरा गुडघा छातीशी, कंबरेत पूर्ण वाकलेल्या. डाव्या बाजूला पाटीत चाळीसेक बांगडे. प्रत्येक मासा पात्याला लावताना पोट मांडीवर दाबलं जात होतं आणि दर दोन-तीन माशांनी त्या मान वर करून आवंढा गिळत होत्या. आवंढा गिळायचा, पुढचा बांगडा उचलायचा. त्यांना स्वतःला ते जाणवतही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास हे चालायचं. त्यानंतर वाटप, मग चुलीपाशी दर कालवणाची चव. चमचाभर तिखट रस्सा, दर दहा मिनिटांनी. पर्यटक साडेनऊला जेवणार, भांडी अकराला आवरणार, मग वहिनी उभ्याउभ्या भात-कालवण चार घास खाणार आणि साडेअकराला पाठ टेकणार. रिफ्लक्स कसा वाढवावा याचं कुणी वेळापत्रक आखलं असतं तर ते असंच झालं असतं.

मोजमाप

जगण्याचा दर्जा हा शब्द ऐकायला भोंगळ वाटतो, पण तो मोजायची साधनं आहेत. रिफ्लक्ससाठी जीईआरडी-एचआरक्यूएल नावाची दहा प्रश्नांची यादी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण. शून्य म्हणजे त्रासच नाही, पाच म्हणजे काही करणं अशक्य. मी ती समोर बसून मराठीत विचारली. जळजळ किती, ३. आडवं पडल्यावर, ५. उभं असताना, २. जेवल्यावर, ४. खाणं बदलावं लागलं का, ४. झोपेतून जाग येते का, ५. गिळायला त्रास, २. गिळताना दुखणं, १. पोट फुगणं, ३. औषधं घ्यावी लागतात त्याचा रोजच्या जगण्याला जाच, २. बेरीज ३१, पन्नासपैकी.

यादी चांगली आहे, पण तिच्यात एक भोक आहे. अन्न-पाणी घशात परत येण्याचा स्वतंत्र प्रश्नच मूळ दहांत नाही, आणि वहिनींचं मुख्य दुखणं तेच होतं. ते मी वेगळं लिहून ठेवलं : आठवड्यातल्या सातही रात्री.

शेवटी एक प्रश्न असतो, आत्ताच्या तब्येतीबद्दल समाधानी आहात का? वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘वजनाचा इचारतास की माजा?’

दुर्बीण तपासणीसाठी त्यांना कोल्हापूरला पाठवलं. गगनबावड्याच्या रस्त्याने तीन-साडेतीन तास. अहवाल असा : दाहाच्या लॉस एंजेलिस वर्गवारीत (ए सर्वांत सौम्य, डी सर्वांत तीव्र) बी, म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तराला पाच मिलीमीटरपेक्षा लांब चरे, पण अजून एका घडीवरून दुसऱ्या घडीवर न पोचलेले. हायटस हर्निया आता तीन सेंटीमीटर. नळी कुठे चिंचोळी नाही, पीळ नाही. तुकड्याच्या तपासणीत बॅरेट नाही, एच. पायलोरी हा जठरातला जिवाणू नाही. अलीकडच्या निकषांप्रमाणे ‘बी’ सापडला की रिफ्लक्सचं निदान पक्कं धरायला हरकत नसते. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेतही पाणी वर येताना दिसलं.

रक्ताने आणखी एक गोष्ट सांगितली. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ९, बी-१२ १६२, ड जीवनसत्त्व १४, सगळंच कमी. थकव्याचं खापर आम्ही सगळ्यांनी जागरणावर फोडलं होतं. स्लीव्हनंतर आम्ल आणि बी-१२ शोषायला लागणारा घटक दोन्ही कमी तयार होतात, त्यात वहिनी केमिस्टकडून पॅन्टोप्राझोल घेऊन वर्षभर अधूनमधून गिळत होत्या. आम्ल दाबणाऱ्या गोळ्या लांबल्या की बी-१२, लोह, मॅग्नेशियम सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. लोहाची गोळी त्या इमानाने घेत होत्या, पण सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर. चहातल्या टॅनिनने ती जवळजवळ वायाच जाते.

चार चिरे

उपचार म्हणाल तर त्यात काही थोर नव्हतं. थिओफायलिन मी पहिल्याच दिवशी बंद केलं, पंप पुढच्या महिन्यात. पॅन्टोप्राझोल ४० सकाळी आणि संध्याकाळी, खाण्याआधी अर्धा ते पाऊण तास. ही गोळी आम्ल तयार करणारे पंप चालू होण्याच्या बेताला रक्तात असावी लागते. वहिनी ती रात्री जळजळ सुरू झाली की घ्यायच्या, म्हणजे चोर गेल्यावर कुलूप. झोपताना अल्जिनेटचं पातळ औषध, जे पोटातल्या द्रवावर साय धरल्यासारखं तरंगतं. शिरेतून लोह, बी-१२ ची इंजेक्शनं, ड जीवनसत्त्व, आणि कॅल्शियम सायट्रेट, कारण नेहमीचं कॅल्शियम कार्बोनेट पचायला आम्ल लागतं आणि तेच आपण दाबत होतो.

खाटेचा मामला मजेशीर झाला. डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचला, असं मी सांगितलं. त्यांनी तीन उशा घेतल्या. उशांनी माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावर दाब उलट वाढतो, उचलायला हवी ती अख्खी खाट. यजमान म्हणाले, चिरो घालू? आमचा जांभ्याचा चिरा आडवा टाकला की सहा-सात इंच भरतोच. कुंपणाला आणलेल्यातले चार चिरे त्यांनी आत आणले, दोन डोक्याकडच्या पायांखाली आणि दोन बाजूला टेकण म्हणून, खाट घसरू नये यासाठी. शहरात यासाठी महागडी पाचर-गादी विकतात म्हणे. शिवाय डाव्या कुशीवर झोपायचं. उजव्या कुशीवर आम्ल जास्त वर येतं.

बांगडे साफ करायचं काम यजमानांनी घेतलं, हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्याला दीड महिना गेला. पहिल्यांदा उंच ओटा बांधून सुरीने करून पाहिलं, वहिनींना सुरीने येईना, मासा फुकट जातो म्हणाल्या. मग एका बाईला सकाळच्या वेळेला कामावर ठेवलं, संध्याकाळचे मासे यजमानांकडे. चव बघायचं काम सूनबाईकडे गेलं आणि पहिले पंधरा दिवस पर्यटकांनी खारट कालवण खाल्लं. वहिनींचं जेवण साडेसातला, पर्यटकांच्या आधी. यालाच सर्वांत जास्त विरोध झाला, तो बाहेरून नाही, त्यांच्याच मनातून. पाहुणे जेवायच्या आधी आपण कसं जेवायचं?

मशेरी सुटायला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्यांदा सुटली ती दंतवैद्याने पुढच्या दातांची आतली बाजू आरशात दाखवल्यावर. आम्लाने झिजून ती काचेसारखी झाली होती.

बारा आठवड्यांनी बेरीज १४. आडवं पडल्यावरचा त्रास ५ वरून २, झोपेतून जाग ५ वरून १. खोकला गेला. खुर्ची पर्यटकांत परत गेली. वजन ७३. हिमोग्लोबिन ११.६. इथे थांबलो असतो तर हे प्रकरण गोड झालं असतं. पण दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरल्या, जेवणाची वेळ परत अकरावर गेली, वहिनी दोनदा आदोळीवर बसल्या, आणि डिसेंबरात बेरीज १९. गोळी एक वेळेवर आणून पाहिली, आठवड्यात जळजळ परत. सहा महिन्यांनंतरच्या दुर्बिणीत दाह ‘ए’वर आला होता, बरा झाला नव्हता. आणि पाणी वर येणं आठवड्यातून दोन-तीनदा चालूच. गोळीने आम्लाचा आंबटपणा कमी होतो, वर येणाऱ्या पाण्याला ती अडवत नाही. नळी नळीच राहते.

घाट बंद पडलो तर

मग आम्ही बायपासचं बोललो. स्लीव्हनंतर औषधाने न आवरणाऱ्या रिफ्लक्सवर हा सर्वांत मान्य मार्ग. नळीचा वरचा थोडा भाग राखून त्याला लहान आतडं थेट जोडायचं, म्हणजे आम्ल आणि पित्तरस अन्ननलिकेपासून लांब जातात, हर्नियाही त्याच वेळी शिवता येतो. मला ती करावी असं वाटत होतं आणि अजून वाटतं. कोल्हापूरच्या सर्जननी दोघांना तासभर समजावलं, फायदे आणि धोके दोन्ही. जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, म्हणून तंबाखू आणि गुडघ्याच्या वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद. लोह आणि जीवनसत्त्वं जन्मभर. गोड एकदम खाल्लं तर डम्पिंग, म्हणजे घाम, धडधड, पोटात मुरडा. आणि आतड्यांच्या नव्या रचनेत जी फट राहते तिच्यात आतडं अडकू शकतं, वर्षांनीसुद्धा. तसं झालं तर काही तासांत शस्त्रक्रिया लागते.

वहिनी डम्पिंगपाशी अडल्या. ‘मगे आंबो खावचो नाय?’ घरची कलमं आहेत, प्रश्न रास्त आहे. हापूसच्या दोन फोडी जेवणासोबत चालतील, वाटीभर रस नाही, असं मी सांगितलं. पण यजमान शेवटच्या मुद्द्यापाशी अडले होते. परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी माझ्याकडे एकटे आले. ‘डॉक्टरांनू, जुलयात रातचा पोटात दुखूक लागला आणि घाट बंद पडलो तर काय करूचा?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावसात दरड कोसळून घाट बंद होणं ही आमच्याकडची दरवर्षीची बातमी. गोव्याच्या बाजूला जाता येईल, असं मी म्हणालो. तिथे पोचेपर्यंत अडीच तास, आणि या शस्त्रक्रियेची ओळख असलेला सर्जन रात्री दोनला तिथे हजर असेल याची हमी मी देऊ शकलो नाही. जगण्याच्या दर्जाची चर्चा करताना आम्ही डॉक्टर शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत येऊन थांबतो. हा माणूस पुढचे वीस पावसाळे मोजत होता.

दोघांनी ठरवलं, सध्या नको. दुर्बिणीत दाह परत वाढला किंवा बॅरेट दिसला तर करायची, आणि करायची तर दिवाळीनंतर, म्हणजे सुरुवातीचे महिने कोरडे जातील. सर्जननी हे मान्य केलं. मीही केलं, थोडं नाखुशीने. स्लीव्हनंतर एका वर्षाने आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, त्रास असो वा नसो, दुर्बीण करून पाहावी अशी लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. वहिनींची आम्ही वर्षाला करतो आहोत.

मागच्या महिन्यात त्या आल्या होत्या. बेरीज १२, वजन ७५, बी-१२ नीट, फेरिटिन परत १८ वर घसरलेलं, म्हणून शिरेतून लोहाचा आणखी एक डोस ठरला. समाधानाच्या प्रश्नाला यावेळी ‘बरा असा’ असं उत्तर मिळालं, ते मी आहे तसं फाईलमध्ये लिहिलं. खोल्यांचं बुकिंग आता रात्रीच्या जेवणाशिवाय घेतात, जेवायला पर्यटकांना बाजारात पाठवतात. उत्पन्न घटलं आहे, किती ते यजमानांनी सांगितलं नाही. पुढची दुर्बीण शिमगा उरकल्यावर.